पांढरे अस्वल, पांढरा देवमासा आणि आपली वही

(आकुर्डी येथे संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही विद्वान माणूस नाही. माझी सारी नोकरी कारखान्याच्या तपासणी खात्यात गेली. हातात व्हर्नियर किंवा मायक्रोमीटर, टेबलावर मशीनवरून उतरलेले भाग आणि शेजारी नोंदीचा कागद, एवढेच माझे विश्व. निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी आपल्या काही मुलामुलींना घेऊन मी रावेतच्या बंधाऱ्याकडे, पवनेच्या काठी, पक्षी पाहायला जातो. एवढ्याच भांडवलावर चिटणीस साहेबांनी मला आज बोलायला उभे केले आहे. विषय मात्र मीच मागून घेतला. आकुर्डीत उभे राहून उत्तर ध्रुवाकडच्या पांढऱ्या अस्वलांविषयी बोलायचे म्हटल्यावर काही जण हसले, हे मी पाहिले. हसावे, हरकत नाही. पण पंधरा-वीस मिनिटे माझ्याबरोबर चला. शेवटी आपण आपल्याच घराच्या उंबऱ्यावर येऊन पोहोचू.

गेल्या वर्षी आपल्याच एका विद्यार्थ्याने मला मोबाईलवर पांढऱ्या अस्वलाची चित्रफीत दाखवली. अस्वल बर्फावर नुसते बसले होते. मुलगा म्हणाला, "चाचा, हे काहीच करत नाही. मी पुढे ढकलतो." मी म्हणालो, "बाळ, ढकलू नकोस. ते काहीच करत नाही असे तुला वाटते. ते वाट पाहत आहे." त्या दिवसापासून हा विषय माझ्या मनात घोळतो आहे.

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात हडसन उपसागराच्या किनाऱ्यावर चर्चिल नावाचे लहानसे गाव आहे. वस्ती हजाराच्याही आत. तेथे मोटारीचा रस्ता पोहोचत नाही. आगगाडीने किंवा विमानानेच जावे लागते. तरीही दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जगभरातून लोक तेथे जातात, ते केवळ पांढरी अस्वले पाहण्यासाठी. अस्वले याच गावाजवळ का जमतात, यालाही कारण आहे. पांढऱ्या अस्वलाचे मुख्य खाद्य म्हणजे सील नावाचा समुद्रातील प्राणी. सील पाण्याखाली राहतो आणि श्वास घेण्यासाठी बर्फातल्या भोकापाशी वर येतो. अस्वल त्या भोकाशी तासन् तास निश्चल बसून राहते. म्हणजे त्याच्या पायाखाली गोठलेला समुद्र असेल तरच त्याला जेवण. उन्हाळ्यात उपसागराचा बर्फ वितळला की अस्वलांना जमिनीवर यावे लागते आणि पुढचे काही महिने ती अंगातल्या चरबीवर, जवळजवळ उपाशीच, दिवस काढतात. चर्चिलजवळ नदीचे गोडे पाणी समुद्राला मिळते आणि गोडे पाणी खाऱ्या पाण्याच्या आधी गोठते. त्यामुळे त्या बाजूला बर्फ लवकर धरतो, आणि भुकेली अस्वले तेथे येऊन थांबतात.

मित्रांनो, हे अस्वल दिसायला पांढरे असले तरी त्याची कातडी काळी असते आणि केस रंगहीन, आतून पोकळ असतात. प्रकाश त्यांवर पडून विखुरतो म्हणून ते आपल्याला पांढरे दिसतात. मोठा नर पाचशे किलोच्याही पुढे जातो. असा प्राणी गावाच्या वेशीवर फिरत असताना गावकरी काय करतात? पुष्कळ लोक आपल्या घराच्या आणि मोटारीच्या दारांना कुलूप लावत नाहीत. रस्त्यावर कोणाची अस्वलाशी गाठ पडलीच तर त्याला चटकन कुठेतरी आत शिरता यावे म्हणून. शेजाऱ्यासाठी दार उघडे ठेवण्याची ही रीत मला फार आवडली. गावात शिरलेल्या अस्वलाला शक्यतो मारत नाहीत. पकडून एका खास इमारतीत ठेवतात आणि मग दूर नेऊन किंवा समुद्र गोठल्यावर सोडून देतात.

त्याच चर्चिलच्या नदीमुखात जुलै-ऑगस्टमध्ये दुसरे पाहुणे येतात. ते म्हणजे बेलुगा, पांढरे देवमासे. देवमासा हा नावाने मासा असला तरी मासा नव्हे, हे आपल्या विद्यार्थ्यांनी पाठ करून ठेवावे. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिल्लांना जन्म देतो आणि त्यांना दूध पाजतो. बेलुगाचे पिल्लू जन्मतः करडे असते. वयाबरोबर त्याचा रंग उजळत जाऊन ते पांढरेशुभ्र होते. बेलुगाच्या पाठीवर पंख नसतो, कारण बर्फाखालून पोहताना तो अडला असता. त्याच्या मानेचे मणके एकमेकांना जुळलेले नसल्यामुळे तो इतर बहुतेक देवमाशांप्रमाणे ताठ न राहता मान वळवून पाहू शकतो. आणि तो बोलका किती! शिट्ट्या, किलबिल, करकर, नाना आवाज करतो. जुन्या खलाशांनी त्याला कॅनरी या गाणाऱ्या पक्ष्याचे नाव दिले होते, 'समुद्रातली कॅनरी'. हडसन उपसागराच्या पश्चिम भागात उन्हाळ्यात पन्नास हजारांहून अधिक बेलुगा असतात असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे, आणि त्यांतले हजारो चर्चिलच्या नदीत येतात. कारण तेथील पाणी उथळ आणि त्यामानाने उबदार असते; जुनी कातडी घासून टाकायला आणि पिल्ले वाढवायला ते बरे पडते.

आता मुख्य मुद्दा सांगतो. हे प्राणी पाहायला जाणाऱ्याला तेथे पहिला धडा कोणता मिळतो? अंतर राखण्याचा. नॉर्वेच्या ताब्यातील स्वालबार्ड बेटांवर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच झाला आहे: अस्वलापासून किमान ३०० मीटर दूर राहायचे, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. त्या महिन्यांत आया नुकत्याच पिल्लांना घेऊन बाहेर आलेल्या असतात आणि शिकारीचे दिवसही तेच असतात. माणूस जवळ गेला की अस्वल उठते, धावते, आणि महिन्यांच्या उपासासाठी साठवलेली चरबी विनाकारण जाळते. आपले फोटो चांगले येतात. त्याचा हिवाळा तोट्यात जातो.

आणि तोटा आधीच थोडा नाही. पृथ्वी तापते आहे तसा हडसन उपसागराचा बर्फ लवकर वितळतो आणि उशिरा धरतो. त्या पश्चिम भागातील अस्वलांची विमानातून पाहणी झाली, तेव्हा २०१६ साली त्यांची संख्या सुमारे ८४२ भरली. २०२१ साली ती ६१८ वर आली. पाच वर्षांत दोनशेहून अधिक कमी. हे आकडे आपल्याला कसे कळले? कोणीतरी थांबले, पाहिले, मोजले आणि तारीख घालून लिहून ठेवले म्हणून. नुसत्या हौसेने पाहणाऱ्या लाख लोकांनी हे कळले नसते. माझ्या तपासणी खात्यातही हीच रीत होती: मोजल्याशिवाय मत देऊ नये, आणि लिहिल्याशिवाय मोजले असे म्हणू नये.

कोणी म्हणेल, हे सगळे साता समुद्रापलीकडचे. मग आपल्या समुद्राकडे या. कोकणच्या किनाऱ्यालगत, पाठीवर कुबड असलेला डॉल्फिन राहतो. कोळी बांधव त्याला 'गादा' म्हणतात. तो बेलुगाचा नातलगच. देवमाशांच्याच मोठ्या कुळातला. 'कोकण सिटेशियन रिसर्च टीम' या नावाने केतकी जोग, ईशा बोपर्डीकर, मिहीर सुळे वगैरे तरुण संशोधकांनी सिंधुदुर्गच्या समुद्रात त्यांचा अभ्यास केला. डॉल्फिनच्या पाठीवरील पंखाच्या खाचा आणि व्रण हेच त्याचे ओळखपत्र. त्याचे फोटो काढायचे, जुन्या फोटोंशी ताडून पाहायचे आणि हा मागे कधी, कोठे दिसला होता ते नोंदवायचे. अशाच पाहणीत २०१५ साली कुणकेश्वरच्या समुद्रात त्यांना निळा देवमासा दिसला, पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी! त्याच वर्षी जून महिन्यात अलिबागजवळ रेवदंड्याच्या किनाऱ्याला सुमारे ४२ फुटांचा एक निळा देवमासा जिवंत लागला आणि तेथेच मेला. मुलांनो, चर्चिल राहू द्या. आपला रायगड जिल्हाही या मोठ्या जगाच्या बाहेर नाही.

आता मी माझीच एक चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी आपली वीस-बावीस मुले आणि काही पालक मिळून आम्ही दापोली तालुक्यातील एका किनाऱ्यावर गेलो. डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या तेथे असतात. वयस्क तांडेल होते. मुले त्यांना मामू म्हणू लागली. थोड्याच वेळात पाण्यावर करड्या पाठी दिसल्या. मुलांनी एकच गलका केला आणि मी, निवृत्त तपासनीस, मुलांना शिस्त शिकवायला गेलेला माणूस, मामूंना म्हणालो, "मामू, अजून जवळ घ्या, मुलांना नीट दिसू द्या." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, पण गिऱ्हाइकाचा शब्द, त्यांनी होडी पुढे घातली. पाठी बुडाल्या, दुसरीकडे निघाल्या; आम्ही तिकडे. पुन्हा बुडाल्या. मुले टाळ्या वाजवीत होती, "खेळताहेत, खेळताहेत!"

होडीच्या टोकाला आपली नववीतली एक मुलगी वही मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "चाचा, ते खेळत नाहीत. ते पळताहेत." मी विचारले, "कशावरून?" तिने वही पुढे केली. डॉल्फिन एकदा बुडाल्यापासून पुन्हा वर येईपर्यंतचा वेळ ती घड्याळ पाहून लिहीत होती. आम्ही लांब होतो तेव्हाचे आकडे लहान होते. पाठलाग सुरू झाल्यापासून ते वाढत वाढत दुप्पट-तिप्पट झाले होते. खाली तिने एक ओळ लिहिली होती: "एक लहान आहे. तो आता मोठ्याच्या पलीकडच्या बाजूला गेला." म्हणजे आई आमच्या आणि पिल्लाच्या मध्ये आली होती.

मला लाज वाटली. मी मामूंना इंजिन बंद करायला सांगितले. ते म्हणाले, "मी कधीचा वाट बघत होतो तुम्ही हे सांगाल म्हणून." होडी नुसती डुलत राहिली. पाच मिनिटे गेली, दहा गेली. मुले कंटाळली, मग हळूहळू गप्प झाली. आणि मग, आम्ही न बोलावता, डावीकडे बऱ्याच अंतरावर त्या पाठी पुन्हा वर आल्या. त्यांच्या श्वासाचा फुस्स असा आवाज त्या शांततेत ऐकू आला. त्या आपल्या वाटेने, आपल्या चालीने गेल्या. जवळ गेलो तेव्हा आम्हाला पाण्याचे फवारे दिसले. दूर थांबलो तेव्हा प्राणी दिसला. एवढे एक वाक्य आपण लक्षात ठेवले तरी माझे येथे उभे राहणे सार्थकी लागेल.

या गोष्टीचा पुढचा भाग मात्र पालकांसाठी आहे.

पुढच्या वर्षी ती मुलगी दहावीत गेली. एका संध्याकाळी तिचे वडील माझ्याकडे आले. चाकणच्या एका कारखान्यात ते मशीनवर आहेत. कधी सकाळची पाळी, कधी रात्रपाळी. हातात मुलीची वही होती. ते म्हणाले, "भाई, तुमचा मी आदर करतो. पण हे आता बंद करा. दहावीचे वर्ष आहे. ही पोरगी गच्चीवर उभी राहून घारी मोजते. यातून पोट भरणार आहे का? आणि मुलीच्या जातीने नदीकाठी, समुद्रावर हिंडायचे म्हणजे लोक काय म्हणतील?"

मी त्यांना दोष दिला नाही, आजही देत नाही. ज्याने ओव्हरटाइम करून मुलांची फी भरली आहे, त्याला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. त्यांना मी जी हकीकत सांगितली, तीच आपल्याला सांगतो.

ज्या रेवदंड्याला तो देवमासा लागला, त्याच अलिबाग तालुक्यात किहीम नावाचे किनाऱ्यावरचे गाव आहे. १९३० साली तेथे एक तरुण आपल्या पत्नीसह राहत होता. वय तेहेतीस, नोकरी नाही. त्याचे नाव सालिम अली. मुंबईच्या सुलेमानी बोहरा घराण्यात १२ नोव्हेंबर १८९६ रोजी जन्मलेला हा मुलगा पहिल्या वर्षी वडिलांना आणि तिसऱ्या वर्षी आईला पारखा झाला. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि हमीदा बेगम यांनी त्याला वाढवले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्याने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कसली चिमणी, असे त्याने मामांना विचारले. मामांना ठाऊक नव्हते. पण त्यांनी "जा, अभ्यास कर" म्हणून त्याला हाकलले नाही. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांच्याकडे चिठ्ठी देऊन पाठवले. मिलार्ड यांनी पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे कपाट त्या पोरासाठी उघडले. पालकहो, त्या मामांचे काम एवढेच होते. पण त्या एका चिठ्ठीने भारतातील पक्षिशास्त्राचा इतिहास बदलला.

पुढची वाट सोपी नव्हती. कॉलेज अर्धवट सुटले. ब्रह्मदेशात घरच्या धंद्यात काही वर्षे गेली, पण धंदा चालला नाही. परत आल्यावर विद्यापीठाची रीतसर पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यातील पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी लागली. जर्मनीत जाऊन बर्लिनला प्रोफेसर श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली ते शिकून आले, तर परत आल्यावर पैशाअभावी ती जागाच रद्द झाली होती! अशा वेळी ते किहीमला गेले. आणि रिकाम्या हाताने काय केले? घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती, ती पाहत बसले. महिनेच्या महिने. रोज. वही घेऊन.

तोपर्यंत समजूत अशी होती की सुगरणीचे जोडपे मिळून घरटे बांधते. सालिम अलींनी पाहिले ते वेगळेच. नर एकटा घरटी विणायला घेतो. ती अर्धी झाली की माद्या येऊन तपासणी करतात. अगदी आमच्या खात्यासारखी! पसंत पडले तर मादी त्यात राहते, नाही तर ते घरटे अर्धवटच लोंबत राहते. मादीची पसंती मिळाल्यावर नर घरटे पुरे करतो, त्याला लांब नळी लावतो. आणि ती अंडी उबवू लागली की तो दुसरे घरटे विणायला घेऊन दुसरीला बोलावतो. ही गोष्ट पूर्वी कोणाच्या ध्यानात आली नव्हती. घरटी तर सर्वांनीच पाहिली होती. झाडाखाली एवढा वेळ थांबले कोण? नोकरी गेलेल्या त्या माणसाचा हा निबंध सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि त्याने त्यांचे नाव केले. १९४१ साली 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' आले. १९६८ ते १९७४ या काळात डिलन रिप्ले यांच्यासह भारतीय उपखंडातील पक्ष्यांचे दहा खंड निघाले. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण, १९८५ साली राज्यसभेवर नेमणूक. १९८७ साली नव्वदाव्या वर्षी ते वारले. आज महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. त्याचा शेवटचा दिवस हा सालिम अलींचा जन्मदिवस.

ही हकीकत सांगून मी त्या वडिलांना म्हणालो, "यातून दोन गोष्टी घ्या, एकच घेऊ नका. पदवी नव्हती म्हणून त्यांची सरकारी जागा हुकली. म्हणून दहावी, बारावी, पदवी हे सगळे मुलीने नीट करायचे. त्यात सूट नाही. आणि वही होती म्हणूनच ते सालिम अली झाले. म्हणून वही बंद करायची नाही." प्राणी पाहून सर्वांचे पोट भरेल असे खोटे आश्वासन मी त्यांना दिले नाही. अशा नोकऱ्या थोड्याच असतात. पण वाटा मुळीच नाहीत असेही नाही. उत्तर ध्रुवाजवळ, त्याच स्वालबार्डमध्ये, १ जुलै २००८ पासून भारताचे 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र आहे. डिसेंबर २०२३ पासून तेथे हिवाळ्यातही आपले शास्त्रज्ञ जाऊ लागले. त्याचा कारभार पाहणारी राष्ट्रीय संस्था आपल्या शेजारी, गोव्यात वास्कोला आहे. आणि लोक काय म्हणतील याचे उत्तर मी एवढेच दिले, की कोकणच्या समुद्रात देवमासे शोधणाऱ्यांत आपल्याच महाराष्ट्राच्या मुली आहेत. शिवाय मुलगी इंजिनिअर होवो, परिचारिका होवो की शिक्षिका. थांबून पाहण्याची, मोजण्याची आणि आपल्या वडीलधाऱ्यांनाही "हे खेळत नाहीत, पळताहेत" असे अदबीने, पण पुराव्यासह सांगण्याची सवय जिला आहे, ती कोठेच कमी पडणार नाही.

ते काही बोलले नाहीत. "बघू" म्हणाले आणि वही घेऊन गेले. महिन्याभराने रस्त्यात भेटले. म्हणाले, "भाई, रात्रपाळीहून आल्यावर वही वाचली. एका पानावर तारीखच नाही. मी तिला सांगितले, बिनतारखेची नोंद आमच्या खात्यात चालत नाही." मी हसलो. मला जे साधले नव्हते ते त्या वहीने साधले होते. मुलगी दहावी चांगल्या गुणांनी पास होऊन आता विज्ञान शाखेत शिकते आहे.

पालक बंधु-भगिनींनो, आता उंबऱ्यावर आलो. डॉल्फिनच्या मागे होडी घालावी तसे आपण कधी कधी आपल्या मुलांच्या मागे लागतो. किती मार्क, कोणता क्लास, शेजारच्याचा मुलगा कोठे पोहोचला! मूल बुडी मारते, आणि आपण म्हणतो, हा घरात बोलतच नाही. थोडे इंजिन बंद करून पाहा. नजर हटवू नका, आई पिल्लावरची नजर हटवीत नाही. पण अंतर राखा. ते आपण होऊन वर येईल आणि आपल्याला दिसेल.

अंतर राखणे म्हणजे जबाबदारी टाळणे नव्हे. आपल्या राज्यात डिसेंबर २०१८ पासून एक योजना आहे: कोळ्याच्या जाळ्यात डॉल्फिन, कासव असा संरक्षित प्राणी सापडला आणि त्याने जाळे कापून त्याला सोडून दिले, तर त्या जाळ्याची पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. गरिबाचे जाळे म्हणजे त्याची भाकरी; ती कापून जीव सोडणाऱ्यांची उदाहरणे आपल्याच किनाऱ्यावर आहेत. सोडून देणे हेही राखणेच आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला चर्चिलला जाता येईल की नाही हे मला सांगता येत नाही, कोणी जाईलही. पण उत्तर ध्रुवच तुमच्या दारी येतो, हे ठाऊक आहे का? सोलापूर रस्त्याला भिगवणजवळ उजनी धरणाचे पाणी पसरले आहे. हिवाळ्यात त्याच्या चिखलावर छोटा टिलवा नावाचा, चिमणीएवढा पक्षी लगबगीने किडे टिपताना दिसतो. त्याची वीण होते ती युरोप आणि सायबेरियाच्या अगदी उत्तर टोकाला, ध्रुव प्रदेशातील उजाड माळावर. मूठभर मांसाचा तो जीव हजारो किलोमीटर उडून आपल्या पुणे-सोलापूर जिल्ह्यांत हिवाळा काढतो. या हिवाळ्यात आपण त्याला पाहायला जाणार आहोत. ज्यांना यायचे त्यांनी वर्गशिक्षकांकडे नाव द्यावे आणि घरून परवानगीची चिठ्ठी आणावी. मुलींचे पालक सोबत येणार असतील तर फारच उत्तम.

सोबत एक वही आणि पेन्सिल आणा. प्रत्येक पानावर आधी तारीख, मग वेळ, मग जागा. दिसले तेच लिहा. वाटले ते निराळ्या ओळीत लिहा. दुर्बिणी दोनच आहेत, पाळीपाळीने मिळतील. आणि पक्षी उडाला तर समजा की आपण फार जवळ गेलो; दोन पावले मागे या आणि थांबा.

बक्षिसे मिळालेल्या सर्व मुलामुलींचे अभिनंदन करतो. ज्यांना मिळाली नाहीत त्यांनाही रविवारी सकाळी साडेसहाला आकुर्डी स्टेशनबाहेर भेटण्याचे आमंत्रण देतो, आणि आपली रजा घेतो.